नोंदीतील ‘वापरलेला सैद्धांतिक दृष्टिकोन’ या रकान्यात नेमके काय लिहावे?

प्रश्न : क्षेत्रकार्य_करवीर

नमस्कार. मी कोल्हापुरात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा माझा विशेष विषय आहे. या सत्रात माझे क्षेत्रकार्य एका समुपदेशन केंद्रात चालू आहे. प्रत्येक मुलाखतीनंतर आम्हांला प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे संभाषणाची शब्दशः नोंद, लिहावे लागते आणि त्याच्या छापील नमुन्यात ‘वापरलेला सैद्धांतिक दृष्टिकोन’ असा एक रकाना असतो. माझी अडचण या रकान्यापासून सुरू झाली, आणि आता ती रकान्यापुरती राहिलेली नाही.

मी ज्या महिलेबरोबर काम करते तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे. वय पस्तिशीच्या आसपास, करवीर तालुक्यातील पंचगंगेकाठचे गाव, शाळेत जाणारी दोन मुले. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये घरात पाणी शिरले. दुसऱ्या वेळी मागची भिंत पडली आणि गोठ्यातली दुभती म्हैस गेली. पती शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला आहेत आणि दुसऱ्या पुरानंतर त्यांचे पिणे वाढले आहे. बचत गटाचा एक आणि मायक्रोफायनान्सचा एक, असे दोन हप्ते चालू आहेत. पावसाची झड लागली की तिची झोप उडते, ती रात्र रात्र मोबाईलवर पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहत बसते आणि सकाळी मुलांना शाळेत पाठवत नाही. सासूबाईंच्या मते हे ‘बाहेरचे’ आहे, आणि त्यांनी तिला दोनदा देवऋष्याकडे नेऊन आणले आहे. ती स्वतः म्हणते, “ताई, आभाळ भरून आलं की पोटात गोळाच येतोय बघा. पाणी उतरलं म्हणत्यात सगळी, पण माझ्या डोक्यातनं काय उतरंना झालंय.”

आतापर्यंत चार मुलाखती झाल्या. वर्गात आम्ही मनोविश्लेषण, मनोसामाजिक दृष्टिकोन, समस्या-निराकरण, बोधात्मक-वर्तन उपचार, कुटुंब उपचार, परिसंस्था दृष्टिकोन, सामर्थ्य दृष्टिकोन, उपायकेंद्रित आणि कथनात्मक उपचार असे सगळे शिकलो. प्रत्येकाचा जनक वेगळा, साल वेगळे, तंत्रे वेगळी आणि परीक्षेत प्रत्येकाला दहा गुण. ही महिला समोर बसली की मात्र मला यांतले एकही आठवत नाही, आणि ती उठून गेली की सगळेच लागू पडतात असे वाटते. केंद्रातील पर्यवेक्षकांनी सांगितले की रकान्यात ‘एक्लेक्टिक’ (अनेक सिद्धांतांतून हवे ते घेणारा) लिहून टाकावे. मी तसे लिहिले, तर महाविद्यालयातील मार्गदर्शक प्राध्यापकांनी त्याखाली लाल रेघ मारून ‘म्हणजे काय?’ असे विचारले.

सिद्धांत आधी निवडून मग मुलाखतीला बसावे, की मुलाखत झाल्यावर तिला कोणता सिद्धांत बसतो हे पाहावे? आणि जिच्या भीतीला खरोखरच कारण आहे, तिच्यावर ‘उपचार’ करायला बसणे हेच मुळात चूक तर नाही ना? दिवाळीपूर्वी माझे क्षेत्रकार्य संपते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त_समाजसेवा_अधीक्षक

आपल्या प्राध्यापकांनी मारलेली रेघ मला पटते. ‘एक्लेक्टिक’ या शब्दात स्वतःहून काही वाईट नाही. पण बहुतेक नोंदींत तो विचार करून झाल्यावर येत नाही, विचार टाळायचा असतो तेव्हा येतो. सरकारी रुग्णालयांतील माझ्या नोकरीच्या काळात माझ्याच नोंदींत तो किती वेळा आला असेल, याचा हिशेब मी मांडू इच्छित नाही.

आपण एक करून पाहावे. पोटात गोळा येतो असे ती म्हणाली, त्यानंतर आपण तिला पुढचा प्रश्न कोणता विचारला, तेवढा आपल्या रेकॉर्डिंगमधून शोधून काढावा. ‘त्या क्षणी मनात कोणता विचार येतो?’ असे विचारले असेल तर आपण बोधात्मक वाटेने गेलात. ‘अशी भीती याआधी, लहानपणी कधी वाटली होती का?’ असे विचारले असेल तर मनोविश्लेषणाची छाया त्यावर आहे. ‘त्या वेळी घरात कोण कोण असते आणि ते काय करतात?’ हा कुटुंब उपचाराचा प्रश्न, ‘गेल्या पावसाळ्यात एखादी रात्र बरी झोप लागली होती का?’ हा उपायकेंद्रित, आणि ‘भिंतीचा पंचनामा झाला होता का?’ हा परिस्थितीकडे पाहणाऱ्याचा. सिद्धांत आपण निवडला असो वा नसो, तो पुढच्या प्रश्नाबरोबर आत येतोच. रकाना भरणे म्हणजे त्याची कबुली देणे होय. तेव्हा ‘आधी की नंतर’ याचे माझे उत्तर असे की, मुलाखतीपूर्वी तात्पुरता अंदाज असावा, मुलाखतीत तो बाजूला ठेवता यावा आणि नोंद लिहिताना प्रत्यक्षात जे घडले तेच लिहावे.

वर्गात हे सिद्धांत एकामागून एक ओळीने शिकवले जातात, त्यामुळे ते एकमेकांशी भांडत भांडत जन्माला आले हे विद्यार्थ्यांना कळत नाही. अमेरिकेतील समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ लिहिले तेव्हा निदान या शब्दाचा अर्थ घरचे लोक, नातलग, शाळा, डॉक्टर, मालक अशा सगळ्यांकडून पुरावा गोळा करून माणसाची सामाजिक स्थिती समजून घेणे असा होता. पुढच्या दोन दशकांत अमेरिकेतील व्यक्तिसहाय (केसवर्क) कार्यकर्त्यांवर मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या विचारांचा प्रभाव पडला आणि पुष्कळांची नजर घराकडून मनाकडे वळली. त्यातून निदानवादी परंपरा उभी राहिली. तिच्या विरोधात पेनसिल्व्हेनियात जेसी टाफ्ट आणि व्हर्जिनिया रॉबिन्सन यांनी ऑटो रँक यांच्या आधाराने कार्यवादी परंपरा मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कार्यकर्ता कोणाला बरे करीत नाही. संस्थेचे ठरलेले काम, तिची मर्यादा आणि हाताशी असलेला वेळ यांच्या चौकटीत माणूस स्वतः निर्णय घ्यायला शिकतो. हा वाद बरीच वर्षे कडवटपणे चालला. १९५७ मध्ये हेलन हॅरिस पर्लमन यांनी समस्या-निराकरणाची मांडणी करून दोन्ही बाजूंना जवळ आणण्याचा प्रयत्न केला, आणि १९६४ मध्ये फ्लोरेन्स हॉलिस यांनी ‘परिस्थितीतील व्यक्ती’ ही कल्पना मध्यभागी ठेवून मनोसामाजिक उपचाराला रेखीव रूप दिले.

हा इतिहास आपल्याला दोन ठिकाणी थेट उपयोगी पडेल. हॉलिस यांनी कार्यकर्ता मुलाखतीत प्रत्यक्ष काय करतो याचे सहा प्रकार पाडले होते : आधार देणे, थेट सल्ला देणे, मन मोकळे करू देत माहिती घेणे, सध्याच्या परिस्थितीविषयी विचार करायला लावणे, स्वभावातील ठरीव वळणांविषयी विचार करायला लावणे आणि बालपणाशी त्यांचा संबंध शोधणे. आपल्या चार मुलाखतींत, मला दिसते त्याप्रमाणे, पहिला आणि तिसरा प्रकार झाला आहे. चौथा आता सुरू व्हायला हवा. पाचव्या-सहाव्याची येथे गरज दिसत नाही, आणि गरज नसताना एखाद्या बाईचे बालपण उकरून काढणे हा आपल्या विद्यार्थ्यांचा आवडता अपराध आहे. रकान्यात एवढे जरी आपण लिहिले तरी प्राध्यापक रेघ मारणार नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. आपले क्षेत्रकार्य दिवाळीपूर्वी संपते हे आपण आम्हांला सांगितले, पण त्या महिलेला सांगितले आहे का? कार्यवादी परंपरा आज कोणी फारशी वाचत नाही. तरीही ठरलेला शेवट पहिल्या दिवसापासून समोर ठेवला तर तो शेवटच मदतीचे साधन होतो, हे टाफ्ट यांचे म्हणणे आपल्याकडच्या सत्रागणिक बदलणाऱ्या विद्यार्थी-कार्यकर्त्यांइतके कोणालाच लागू पडत नसेल. जिने दोनदा घर सोडले आहे आणि जनावर गमावले आहे, तिच्या आयुष्यातून एके दिवशी न सांगता ताईही निघून जाणे बरे नव्हे.

सासूबाईंना या कामाच्या बाहेर ठेवू नये असे मला वाटते. पाश्चात्त्य कुटुंब उपचाराची पुस्तके आपल्याकडे पोहोचण्याआधी, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले होते. रुग्णाबरोबर कुटुंबालाही आजार समजावा, सेवा करता यावी आणि घरी परतण्याची भीती जावी हा त्यामागचा हेतू होता. ते कोणत्या रकान्यात बसते याची त्यांनी फार चिंता केली असेल असे वाटत नाही, पण ते का करतो हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

जाता जाता एक सूचना. आपल्या नोंदीत तिची वाक्ये ‘मी घाबरले’, ‘मी उठले’ अशी असतील तर ती पुन्हा तपासावीत. आपल्या भागातल्या कितीतरी बायका ‘मी घाबरलो’, ‘मी उठलो’ असे म्हणतात, आणि शहरातल्या शाळेत शिकलेला विद्यार्थी नकळत ते सुधारून लिहितो. शब्दशः नोंद म्हणजे शब्दशः नोंद. जो कार्यकर्ता क्रियापद सुधारतो तो पुढे भावनाही सुधारून लिहू लागतो.

उत्तर : पूररेषेतला_कार्यकर्ता

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे आणि मी त्यातून शिकलो. परंतु त्यात एक शब्द कोठेच येत नाही, आणि तो म्हणजे हप्ता.

२०१९ च्या पुरानंतर मी काही गावांत मदतकार्य केले आहे. तेथे समुपदेशक म्हणून आलेल्या मंडळींनी बायकांना गोलाकार बसवून डोळे मिटायला सांगितल्याचे मी पाहिले आहे, आणि त्याच वेळी बाहेर तलाठ्यासमोर पंचनाम्याची यादी वाचली जात असल्याने निम्म्या बायकांचे कान तिकडे लागलेले होते. प्रश्नकर्तीने दोन हप्त्यांचा उल्लेख केला आहे. ज्या रात्री झोप लागत नाही ती रात्र पावसाची असते की वसुलीच्या आदल्या दिवसाची असते, हे कोणी विचारले आहे का? घर निळ्या पूररेषेच्या (नदीकाठी बांधकामास मनाई असलेल्या पट्ट्याच्या हद्दीच्या) आत आहे की बाहेर? घर कोणाच्या नावावर आहे? सानुग्रह अनुदान मिळाले असेल तर ते कोणाच्या खात्यात जमा झाले आणि त्यातले किती पिण्यात गेले? हे प्रश्न ‘उपचाराआधीची कामे’ आहेत असे मानण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. केरल जर्मेन आणि अ‍ॅलेक्स गिटरमन यांनी १९८० मध्ये जीवन-प्रतिमान मांडले, त्यात ताण हा माणसाच्या आतला दोष मानलेला नाही. माणूस आणि त्याचे पर्यावरण यांचा मेळ बिघडला की ताण येतो, आणि काम दोन्ही बाजूंनी करायचे असते. आपल्याकडे मात्र नोंदीत तहसील कार्यालयातील फेरीला ‘अप्रत्यक्ष सेवा’ म्हणतात आणि खोलीत बसून केलेल्या संभाषणाला ‘उपचार’. गुणही त्याच प्रमाणात मिळतात.

तरीही प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने पुरानंतर गावाच्या उंच भागात नवीन खोल्या बांधल्या. तेथे पाणी येण्याची शक्यता नाही. त्या घरातली आजी अजूनही पावसाळाभर धान्याचे डबे माळ्यावर ठेवते आणि रात्री दोनदा उठून अंगणाच्या पायरीवर हात लावून पाहते. भिंत बांधून झाली म्हणजे सगळे झाले असे मी पूर्वी म्हणत असे, आता म्हणत नाही. पण भिंतीच्या आधी झोपेकडे जाऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे.

उत्तर : विद्यार्थी_दुसरे_वर्ष

आमच्या गटात हा रकाना मागच्या वर्षीच्या जर्नलमधून पाहून भरला जातो, त्यामुळे आमच्याकडचे सगळे सेवार्थी (मदतीसाठी येणारी माणसे) गेल्या वर्षीपासून बोधात्मक-वर्तन उपचार घेत आहेत. या चर्चेबद्दल मनापासून आभार. मी ती गटात पाठवत आहे.

उत्तर : मनोविकार_समाजकार्य

मी मनोविकार समाजकार्यात एम.फिल. केले असून सध्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात काम करते. बोधात्मक-वर्तन उपचाराची या चर्चेत थोडी थट्टा झाली, म्हणून त्याच्या बाजूने लिहिते. मात्र सुरुवात त्याच्या मर्यादेपासून करते.

अ‍ॅरन बेक हे मुळात मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेले मनोविकारतज्ज्ञ. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आले की, रुग्णांच्या मनात आपोआप उमटणारे विचार त्यांच्या दुःखाला सतत खतपाणी घालत असतात, आणि हे विचार पुराव्याशी ताडून पाहता येतात. आता ‘पुराव्याशी ताडणे’ हे वाक्य प्रश्नकर्तीच्या सेवार्थीला लावून पाहा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. जुलै महिन्यात, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली असताना, तिला ‘तुमचा विचार अतिरंजित आहे’ असे जो सांगेल त्याच्याकडे ती पुन्हा येणार नाही, आणि तिने येऊही नये. तिच्या भीतीचा काही भाग हा सरळ हिशेब आहे. पण बंधाऱ्यावर पाणी पंचवीस फुटांवर असताना, आकाश निवळलेले असताना, ती रात्रभर जागते आणि मुले घरी राहतात, तेव्हा विचार पाण्याच्या पुढे धावू लागलेला असतो. या दोन भीती एकमेकींपासून वेगळ्या करणे हेच येथे बोधात्मक काम आहे, आणि ते तिच्याकडूनच करून घ्यायचे असते.

मोबाईल पाहण्याविषयी वर्तनाचा सिद्धांत स्पष्ट आहे. आकडा पाहिला की क्षणभर सुटल्यासारखे वाटते. ते सुटणे हेच बक्षीस ठरते आणि काही मिनिटांत हात पुन्हा मोबाईलकडे जातो. ‘पाहू नका’ असे सांगून काहीही साधत नाही. पाहण्याच्या वेळा तिने ठरवायच्या आणि त्या वेळांना आकड्यानुसार करायची कामे जोडायची : किती फुटांना कागदपत्रे बाहेर काढायची, किती फुटांना जनावरे हलवायची, किती फुटांना मुलांना घेऊन निघायचे आणि कोणाकडे. विल्यम रीड आणि लॉरा एपस्टीन यांनी १९७२ मध्ये कार्यकेंद्रित पद्धत मांडली. मोजक्या मुलाखती, सेवार्थीने स्वतः मान्य केलेली छोटी कामे आणि पुढच्या वेळी त्यांचा आढावा, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या हाती दिवाळीपर्यंतच वेळ असेल तर मी हीच चौकट धरीन आणि वरील कार्यकर्त्यांनी मांडलेले हप्त्याचे व अनुदानाचे काम त्याच यादीत, पहिल्या क्रमांकावर लिहीन. त्यांचा आणि माझा वाद येथे संपतो असे मला वाटते.

देवऋष्याविषयी सासूबाईंशी वाद घालू नये. त्याने काय सांगितले, त्यावर सुनेला काय वाटले आणि नेऊन आणल्यावर काही फरक पडला का, हे आधी विचारावे. आजाराचे रुग्णाच्या घरात जे स्पष्टीकरण चालते ते समजून घेतल्याशिवाय आपले स्पष्टीकरण पुढे करू नये, हे आर्थर क्लाइनमन यांनी १९८० च्या सुमारास मांडलेले सूत्र मला पुस्तकातल्या इतर पुष्कळ गोष्टींपेक्षा अधिक उपयोगी पडले आहे. मारहाण, चटके किंवा पैशांची लूट असे काही घडत असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पतीला बोलावण्याआधी तिला एकटीला, शांतपणे, घरात हात उगारला जातो का हे विचारणे आवश्यक आहे. तसे असेल तर दोघांना एकत्र बसवणे धोक्याचे ठरू शकते, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते हे तिला माहीत असले पाहिजे. तसे नसेल आणि पती आले, तर त्यांना ‘दारू सोडा’ असे सांगणारे आपण गावातले विसावे माणूस होऊ नये. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये प्रेरणात्मक मुलाखतीची जी पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह वाढवली, ती दारूच्या समस्येवर काम करतानाच सुचलेली आहे : बदलाची कारणे कार्यकर्त्याने सांगायची नाहीत, ती त्या माणसाच्या तोंडून यावीत असे प्रश्न विचारायचे. म्हैस त्यांचीही होती, हे त्यांना कोणी विचारले असेल का, अशी मला शंका आहे.

आता दोन गोष्टी नियमाच्या. जगणे नकोसे वाटते का, हा प्रश्न आपल्या चार मुलाखतींच्या वर्णनात मला दिसला नाही. तो थेट विचारावा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी आले, किंवा पुराची दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, दचकून उठणे, नदीकडचा रस्ताच टाळणे असे काही आढळले, तर त्याच दिवशी पर्यवेक्षकांना सांगून कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्याकडे लिहून दिलेला असावा. आणि दुसरे असे की, रकान्यात ‘बोधात्मक-वर्तन उपचार दिला’ असे लिहू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर देखरेखीखालील प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. असणारी व्यक्तीच मनोविकार सामाजिक कार्यकर्ता ठरते. विद्यार्थ्याने ‘त्या दृष्टिकोनावर आधारित अमुक तंत्र, पर्यवेक्षणाखाली’ असे लिहावे. हे नम्रतेसाठी सांगत नाही. उद्या ही नोंद दुसऱ्या कोणाच्या हातात गेली तर त्याला खरे कळावे म्हणून सांगते.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर : क्षेत्रकार्य_करवीर

सर्वांचे आभार. या आठवड्यात पाचवी मुलाखत झाली, ती थोडक्यात कळवते.

शेवटाची तारीख सांगितली. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हंजे दिवाळीच्या फराळाला तुम्ही नसणार.” जगणे नकोसे वाटते का, हेही विचारले, “पोरं हाईत की ताई,” असे ती म्हणाली, आणि त्या उत्तरावर न थांबता मी पर्यवेक्षकांना सांगून पुढचे दोन प्रश्नही विचारले. तातडीचा धोका नाही असे आमचे दोघांचे मत झाले. मारहाण नाही. झोप न लागणाऱ्या रात्री आम्ही कॅलेंडरवर मांडल्या. गेल्या महिन्यातल्या नऊपैकी चार रात्री पाऊस नव्हता, आणि त्या चारही वसुलीच्या आदल्या रात्री होत्या. हे पाहून ती माझ्याहून अधिक चकित झाली.

वर्गात शिकवल्याप्रमाणे मी तिला शून्य ते दहाची पट्टी दिली आणि आज भीती किती आहे असे विचारले. “धा म्हंजे किती?” असे तिने विचारले, आणि मला समजावून सांगता येईना. तेव्हा मला सुचले म्हणून मी विचारले की, डोक्यातले पाणी आज किती फुटांवर आहे. ती लगेच म्हणाली, “अडतीस.” बंधाऱ्यावर त्या दिवशी पाणी एकोणतीस फूट होते आणि तो आकडाही तिनेच सांगितला. सदतीसवर यायला काय व्हावे लागेल असे विचारल्यावर तिने थोडा विचार करून सांगितले की, घराची आणि पोरांची कागदपत्रे कोल्हापुरात जावेकडे नेऊन ठेवली तर एक फूट कमी होईल. ते ती शनिवारी करणार आहे. सासूबाई बरोबर जाणार आहेत.

आता माझा प्रश्न असा की, ही पट्टी उपायकेंद्रित म्हणायची, कथनात्मक म्हणायची, की कार्यकेंद्रित?

उत्तर : निवृत्त_समाजसेवा_अधीक्षक

पट्टीचा प्रश्न मिलवॉकीच्या स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांच्याकडचा, म्हणून उपायकेंद्रित. भीतीला तिच्याच शब्दांत ‘पाणी’ हे नाव देऊन तिच्यापासून वेगळे उभे करणे हे मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एपस्टन यांच्या कथनात्मक पद्धतीशी जुळते. मात्र ते नाव आपण दिलेले नाही, पहिल्याच मुलाखतीत तिने दिले होते, हे नोंदीत अवश्य यावे. शनिवारचे काम कार्यकेंद्रित. तिन्ही लिहावेत, पण प्रत्येकापुढे आपले आणि तिचे वाक्य जसेच्या तसे लिहावे, म्हणजे कोणते नाव कोणत्या प्रश्नासाठी आहे हे वाचणाऱ्याला दिसेल. रकाना पुरणार नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ‘मागे पाहावे’ अशी नोंद करावी. अडतीस आणि एकोणतीस हे दोन्ही आकडे तारखेसह एकाखाली एक ठेवावेत, आणि पुढच्या मुलाखतीत दोन्ही पुन्हा विचारावेत.